खेळाडू विद्यापीठाचे, वेळापत्रक टीव्हीचे: अमेरिकी कॉलेज खेळांची पैशाने केलेली फेरमांडणी

अमेरिकेत ‘बिग टेन’ नावाचा विद्यापीठांचा एक क्रीडागट आहे. नावाप्रमाणे त्यात दहा विद्यापीठे असायला हवीत. आज आहेत अठरा. ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये बारा नव्हे, सोळा आहेत. ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावरचा गट. त्यात २०२४ पासून कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड आणि बर्कली ही विद्यापीठे खेळतात, आणि ती आहेत प्रशांत महासागराच्या बाजूला. पश्चिम किनाऱ्यावरचा ‘पॅक-१२’ हा गट तर १९१५ पासूनची परंपरा सांगत होता. त्याच्या बारापैकी दहा सभासदांनी २०२२ आणि २०२३ या दोन उन्हाळ्यांत बाहेर पडण्याचे जाहीर केले. उरली फक्त दोन विद्यापीठे.

आपल्याकडे या घडामोडींची फारशी चर्चा झाली नाही. अमेरिकन फुटबॉल आपण पाहत नाही, त्यातले बारकावे आपल्याला कळत नाहीत. पण आपल्या वस्त्यांतली मुले-मुली शिष्यवृत्ती मिळवून किंवा घर गहाण ठेवून ज्या अमेरिकी विद्यापीठांत शिकायला जातात, त्यांतली अनेक याच गटांची सभासद आहेत. शिवाय शिक्षणसंस्था बाजाराच्या तालावर चालू लागली की निर्णय कोण घेतो, फायदा कोणाला होतो आणि झळ कोणाला बसते, हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. म्हणून आम्ही हा विषय जरा खोलात जाऊन मांडत आहोत.

कॉन्फरन्स म्हणजे काय?

इथे कॉन्फरन्स म्हणजे सभा-परिषद नव्हे. आजूबाजूच्या राज्यांतील विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेला सामन्यांचा गट, असा त्याचा साधा अर्थ. एकमेकांकडे बसने जाता यावे, शेजाऱ्याशी चुरस राहावी, नियम सारखे असावेत, एवढाच मूळ हेतू होता. मिशिगन आणि ओहायो स्टेट, किंवा ओरेगन आणि ओरेगन स्टेट यांच्या सामन्यांना शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. गावोगावच्या लोकांची भावनिक गुंतवणूक त्यातूनच तयार झाली.

आज कॉन्फरन्सचे मुख्य काम वेगळे आहे. सगळ्या सभासदांच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्र करून ते वाहिन्यांना विकायचे आणि आलेले पैसे वाटून घ्यायचे. मराठी वाचकाला आयपीएलवरून हे लगेच कळेल. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा सामना कधी आणि किती वाजता होणार यात वाहिनीचा शब्द का चालतो हे वेगळे सांगावे लागले नाही. फरक इतकाच की आयपीएल हा उघड व्यवसाय आहे आणि तिथे खेळाडूला बोलीची रक्कम मिळते. अमेरिकेत हाच व्यवसाय विद्यापीठांच्या नावाने चालला, आणि खेळाडूंना कित्येक दशके सांगितले गेले की तुम्ही विद्यार्थी आहात, तुम्हाला मोबदला कसला?

१९८४ चा निकाल

या साऱ्याची सुरुवात एका न्यायालयीन निकालाने झाली. अमेरिकी कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था म्हणजे एनसीएए. कोणत्या विद्यापीठाचे सामने टीव्हीवर किती वेळा दाखवायचे, हे १९५० च्या दशकापासून ही संस्था ठरवत असे. त्यात मोठ्या संघांची कुचंबणा होती, पण छोट्यांनाही पडद्यावर थोडी जागा मिळत होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी याला आव्हान दिले. जून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की एनसीएएचे हे नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट. ते स्वतः एकेकाळी कॉलेज फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते.

कायद्याच्या दृष्टीने निकालात तथ्य होते. पण त्याचा परिणाम असा झाला की प्रक्षेपण हक्क मध्यवर्ती संस्थेकडून सुटले आणि हळूहळू कॉन्फरन्सच्या हाती एकवटले. ज्या गटात जास्त नावाजलेले संघ, त्या गटाला जास्त भाव. मग नावाजलेले संघ पळवणे हाच धंदा झाला. एसईसी या दक्षिणेकडील गटाने दोन विद्यापीठे घेऊन बाराचा आकडा गाठला, दोन विभाग केले आणि १९९२ मध्ये अंतिम सामना भरवून तो टीव्हीला विकला. १९९६ मध्ये टेक्सासभोवतीची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स संपली. तिच्यातील चार विद्यापीठांना ‘बिग एट’ने घेतले आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ जन्माला आली. उरलेल्यांना जागा मिळेल तिथे जावे लागले.

आधी घरे मोजली, मग डोळे

गेल्या पंधरा वर्षांत दोन मोठ्या लाटा आल्या. दोन्हींमागे पैसाच होता, पण तो मोजण्याची पद्धत वेगळी होती.

पहिली लाट २०१० ते २०१४ दरम्यानची. बिग टेनने २००७ मध्ये स्वतःची वाहिनी सुरू केली होती. तिच्यात आज बहुसंख्य हिस्सा फॉक्स कंपनीचा आहे. तेव्हा केबलचा जमाना होता. एखाद्या राज्यात गटाचे सभासद विद्यापीठ असेल तर त्या राज्यातील केबल ग्राहकामागे वाहिनीला जास्त दर मिळे. मग तो ग्राहक सामना पाहो वा न पाहो. म्हणून बिग टेनने मेरीलँड आणि न्यू जर्सीतील रटगर्स यांना घेतले. रटगर्सचा फुटबॉल संघ काही दिग्विजयी नव्हता. पण न्यूयॉर्क शहराच्या आसपासची लाखो केबल-घरे त्याच्याबरोबर येत होती. तो हिशेब घरांचा होता.

मग लोकांनी केबल तोडायला सुरुवात केली. मालिका, सिनेमे, बातम्या सगळे मोबाइलवर हवे तेव्हा मिळू लागले. ठरलेल्या वेळी, जाहिरातींसकट, कोट्यवधी लोकांनी एकत्र पाहावे असे खेळाखेरीज फारसे काही उरले नाही. त्यामुळे वाहिन्या खेळांसाठी आणखी जास्त पैसे मोजायला तयार झाल्या, पण केवळ ज्यांचे सामने लोक खरोखर बसून पाहतात अशाच संघांसाठी. आता हिशेब प्रेक्षकांचा झाला. जुलै २०२१ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसीमध्ये जायचे ठरवले. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन विद्यापीठे दूरच्या बिग टेनकडे निघाली. लगेच ऑगस्टमध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला. त्याची रक्कम ७०० कोटी डॉलरहून अधिक असल्याचे वृत्त होते.

एका गटाचा अंत

लॉस एंजेलिसची मोठी बाजारपेठ गेल्यावर पॅक-१२ ची बाजू लंगडी पडली. वर्षभर नव्या प्रक्षेपण कराराची बोलणी चालली. बिग ट्वेल्व्हने मात्र आधीच ईएसपीएन आणि फॉक्सकडून प्रत्येक विद्यापीठामागे वर्षाला सरासरी तीन कोटी डॉलरहून थोडी अधिक रक्कम पक्की केली होती. अखेर पॅक-१२ च्या हातात ॲपल कंपनीचा प्रस्ताव आला. वृत्तांनुसार त्यात हमीची रक्कम प्रत्येकी अडीच कोटी डॉलरच्या आसपास होती आणि वर्गणीदार वाढले तर जास्त मिळणार होते. म्हणजे खात्रीचे कमी, आशेचे जास्त.

जुलै २०२३ च्या अखेरीस कोलोराडो बाहेर पडले. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे गेली. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कलीने अटलांटिक गटाचा रस्ता धरला, तोही सुरुवातीची काही वर्षे इतरांपेक्षा बराच कमी वाटा घेऊन. त्यांच्याबरोबर त्या गटात आलेल्या डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षे गटाच्या टीव्ही उत्पन्नातला वाटा सोडायची तयारी दाखवली. त्यांच्या धनिक देणगीदारांनी घोषणेनंतर एका आठवड्यात १० कोटी डॉलर उभे केले. याच एसएमयूचा १९८७ चा फुटबॉल हंगाम एनसीएएने रद्द केला होता, कारण देणगीदार खेळाडूंना चोरून पैसे देत होते. खेळाडूच्या हातात पैसे ठेवले तेव्हा तो गुन्हा ठरला. गटात जागा मिळवण्यासाठी ओतले तेव्हा ती दूरदृष्टी ठरली.

मागे उरली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही सरकारी विद्यापीठे, दोन्ही लहान गावांत. खेळात ती कमी होती म्हणून मागे राहिली असे कोणी म्हणू नये. ओरेगन स्टेटने बेसबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद २००६, २००७ आणि २०१८ असे तीनदा जिंकले आहे. पण त्यांच्या भोवती मोठे शहर नाही, म्हणजे मोठा प्रेक्षकवर्ग नाही. गटाच्या मालमत्तेवर आणि कारभारावर हक्क कोणाचा, यासाठी या दोघांना कोर्टात जावे लागले. वॉशिंग्टन राज्यातील न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश दिला. जाणाऱ्यांनी जाताना घराच्या चाव्याही नेऊ नयेत, एवढा न्याय त्यांना मिळाला.

झळ कोणाला?

फुटबॉल संघ आठवड्यातून एक सामना खेळतो, तोही बहुधा शनिवारी. त्यांच्यासाठी खास विमान असते. खरी ओढाताण होते व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, टेनिस, फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल, अशा खेळांतल्या मुलामुलींची. त्यांचे सामने जास्त आणि अनेकदा कामाच्या दिवशी असतात. लॉस एंजेलिसहून रटगर्सचे अंतर जवळपास ३,९०० किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या तिपटीहून अधिक. मध्ये तीन तासांचा वेळेचा फरक. त्या प्रवासात बुडतात ते तास वर्गाचे, प्रयोगशाळेचे, झोपेचे. या मुलामुलींच्या खेळाला टीव्हीवर फारसा भाव नाही. तरीही फुटबॉलच्या भावासाठी ठरलेला नकाशा त्यांनाही लागू झाला. गट बदलताना त्यांना कोणी विचारले? सभागृहात होते विद्यापीठांचे अध्यक्ष, क्रीडा संचालक, वकील आणि वाहिन्यांचे सल्लागार.

दुसरी झळ सार्वजनिक पैशाला बसते. यूसीएलए आणि बर्कली ही दोन्ही कॅलिफोर्निया राज्याच्या एकाच विद्यापीठ व्यवस्थेची अंगे आहेत. एक निघून गेल्याने दुसऱ्याचे नुकसान झाले, म्हणून यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत असे त्यांच्या नियामक मंडळाने ठरवले. एकाच घरातल्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. दरम्यान बहुतेक अमेरिकी राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल किंवा शास्त्रज्ञ नसून कॉलेज संघाचा प्रशिक्षक असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढले, तेव्हा कराराप्रमाणे त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागत होते. काम न करण्यासाठी. आणि छोट्या विद्यापीठांत, जिथे टीव्हीचा पैसा पोहोचत नाही, तिथे क्रीडा विभागाची तूट सर्वसाधारण विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जाते. ज्या मुलाने कधी सामना पाहिला नाही, त्याच्याही शैक्षणिक कर्जात त्या संघाचा वाटा असतो.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द कुठून आला

सगळ्यांत मोठा प्रश्न मेहनत करणाऱ्यांचा आहे. अव्वल श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमधील सुमारे निम्मे खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. प्रशिक्षक, संचालक आणि अध्यक्षांच्या खुर्च्यांवर मात्र गोऱ्यांचेच मोठे प्राबल्य आहे. याच खेळाडूंच्या अंगमेहनतीवर अब्जावधींचे करार उभे राहिले.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा गोंडस शब्द १९५० च्या दशकात एनसीएएने जाणीवपूर्वक रूढ केला. कोलोराडोतील एका कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू १९५५ मध्ये सामन्यात जखमी होऊन मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून भरपाई मागितली. खेळाडू हा कॉलेजचा कामगार ठरत नाही, असे सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ती नाकारली. एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनीच पुढे १९९५ च्या आपल्या पुस्तकात कबूल केले की अशा दाव्यांच्या भीतीतून हा शब्द पुढे आणला गेला. श्रमाला दुसरे नाव दिले की मोबदला टाळता येतो, ही युक्ती कुठल्याच समाजात नवी नाही.

ही भिंत अलीकडे ढासळली, आणि तीही खेळाडूंनी कोर्टात लढा दिल्यामुळे. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा जाहिरातीसाठी वापरून पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. ६ जून २०२५ रोजी हाउस खटल्यातील तडजोड मंजूर झाली. त्यानुसार माजी आणि आजी खेळाडूंना मागील थकबाकी म्हणून सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे आहेत, आणि प्रत्येक विद्यापीठ २०२५-२६ मध्ये सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देऊ शकते.

हा विजयच आहे, पण अपुरा. थकबाकीचा बहुतांश वाटा, जवळपास नव्वद टक्के, पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. म्हणून शिक्षणातील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या कायद्याचा आधार घेऊन काही महिला खेळाडूंनी अपील केले. दुसरीकडे, खेळाडूंना पैसे द्यायचे म्हणून छोटे खेळ बंद करण्याची कारणे पुढे येऊ लागली. कॅलिफोर्नियातील कॅल पॉलीने मार्च २०२५ मध्ये पोहण्याचे संघ बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा याच तडजोडीचा हवाला दिला. प्रशिक्षकाला कोट्यवधी देताना तिजोरी रिकामी नव्हती. खेळाडूची पाळी आली तेव्हाच ती रिकामी दिसू लागली.

‘पर्यायच नव्हता’ हा युक्तिवाद

विद्यापीठांचे अध्यक्ष म्हणतात, आम्ही गेलो नसतो तर मागे पडलो असतो. फुटबॉलच्या पैशावरच बाकीचे वीस खेळ चालतात. अमेरिकेच्या ऑलिम्पिक पथकातील बहुसंख्य खेळाडू याच कॉलेजांतून घडतात. यात तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. ओरेगन स्टेटची अवस्था पाहिल्यावर कोणालाही भीती वाटेल.

पण भीतीने घेतलेला प्रत्येक निर्णय पुढच्याची भीती वाढवतो. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी आपल्याच अटलांटिक गटाला कोर्टात खेचले, कारण त्यांचे प्रक्षेपण हक्क २०३६ पर्यंत गटाकडे बांधलेले होते आणि इतर गट पुढे निघाले होते. मार्च २०२५ मध्ये समेट झाला तो या अटीवर की ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याला जास्त वाटा मिळेल. समान वाटपाचे तत्त्वही तिथेच निकालात निघाले. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यांसाठी ईएसपीएनने सहा वर्षांचे ७८० कोटी डॉलर मोजले आहेत. २०२६ पासून त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम बिग टेन आणि एसईसी या दोनच गटांकडे जाणार आहे. आता दोनच गट उरले तरी स्पर्धा थांबणार नाही. ती गटाच्या आत सुरू होईल.

पर्याय असतो का? बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते ज्या आयव्ही लीगमध्ये आहे, तिचे आठ सभासद १९५४ पासून बदललेले नाहीत. ती खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही आणि हाउस तडजोडीतही सामील झाली नाही. पण हे आदर्श म्हणून मिरवण्याआधी लक्षात घ्यावे की त्यांच्याकडे अब्जावधींच्या देणग्यांचा निधी आहे. बाजाराला ‘नाही’ म्हणण्याची ऐपत त्यांना आहे. सरकारी विद्यापीठांना राज्य सरकारे पुरेसा निधी देत नाहीत, तेव्हा ती टीव्हीच्या दारात उभी राहतात. म्हणजे प्रश्न फुटबॉलपाशी संपत नाही. तो सार्वजनिक शिक्षणाचा खर्च कोण उचलतो इथपर्यंत जातो.

पुढे काय पाहायचे

ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट यांनी हार मानली नाही. बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट अशा विद्यापीठांना सोबत घेऊन १ जुलै २०२६ पासून पॅक-१२ नव्याने उभी करण्याचे त्यांनी ठरवले. त्यासाठी त्यांनीही शेजारच्या माउंटन वेस्ट गटातून सभासद ओढले, आणि तिथल्या उरलेल्यांवर तीच वेळ आली. व्यवस्था बदलत नाही तोवर पीडितालाही तिच्याच नियमांनी खेळावे लागते.

आता खासगी भांडवल दारात आहे. २०२५ च्या अखेरीस बिग टेनने आपल्या भावी उत्पन्नातला हिस्सा देऊन सुमारे २४० कोटी डॉलर उभे करण्याचा विचार केला. मिशिगन आणि यूएससीने त्याला विरोध केला. असा करार एकदा झाला की सभासद विद्यापीठांबरोबर गुंतवणूकदारही वाटेकरी होतो, आणि त्याला परतावा हवा असतो.

आमचे म्हणणे साधे आहे. पैसा खेळात येणारच. प्रश्न आहे तो विकला जाणारा हक्क कोणाचा आणि विक्रीच्या टेबलावर कोण बसतो याचा. खेळाडूंना संघटित होऊन करार करण्याचा अधिकार, गट बदलण्याआधी विद्यार्थी आणि प्राध्यापकांचे म्हणणे ऐकण्याचे बंधन, क्रीडा विभागाचा जमाखर्च जाहीर, आणि फुटबॉल वगळता बाकीच्या खेळांसाठी जवळच्या विद्यापीठांचे गट: एवढ्या चार गोष्टी झाल्या तरी बरेच नुकसान टळेल.

आपले जे तरुण तिथे शिकत आहेत, त्यांना आमची एक विनंती आहे. आपल्या विद्यापीठाच्या फीच्या पावतीत क्रीडा शुल्क किती आहे ते पाहा. सरकारी विद्यापीठ असेल तर क्रीडा विभागाचा जमाखर्च माहितीच्या कायद्याखाली मागता येतो. स्टेडियममध्ये टाळ्या जरूर वाजवा, पण हा हिशेबही मागा.